जोखीम कोणाची? सरकारांचे विमा पूल आणि एक जुना प्रश्न

आजचा विषय तत्त्वज्ञानाच्या माणसाने बोलावा असा वरवर वाटत नाही. नगरपालिका, शाळा मंडळं, कधी कधी तर आख्खे देश एकत्र येतात आणि आपला विमा आपणच उतरवतात. या व्यवस्थेला 'पूल' म्हणतात. अशा पुलाने स्वतःची जोखीम कशी सांभाळावी, एवढाच विषय. पण त्याच्या पोटात 'हे सगळं कशासाठी?' हा जुना प्रश्न दडलेला आहे. आम्हाला त्याच्याशी काम आहे.

आधी पूल समजून घेऊ. भिशी आपल्याला ठाऊक आहे. सगळे पैसे घालतात आणि पाळीपाळीने एकेक जण उचलतो. पुलात पाळी नसते. ज्याच्यावर संकट कोसळेल त्याने उचलायचं. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या मध्यावर दायित्व विम्याचे हप्ते असे भडकले, की कित्येक नगरपालिकांना परवडणारा विमा मिळेना. मग त्यांनी मोठ्या संख्येने आपापले पूल उभे केले. पुढे ही कल्पना देशांपर्यंत गेली. २००७ मध्ये कॅरिबियन देशांचा पूल निघाला, वादळं आणि भूकंपांसाठी. २०१२ मध्ये आफ्रिकन संघाच्या छत्राखाली 'आफ्रिकन रिस्क कपॅसिटी' ही संस्था स्थापन झाली. तिला थोडक्यात एआरसी म्हणू. तिचा मुख्य विषय होता दुष्काळ.

आता फरक पाहा. खाजगी कंपनीकडून विमा घेतला की जोखीम दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवली, असं आपण मानतो. पुलात विमा घेणारा आणि देणारा एकच. पुनर्विमा घेऊन काही भार बाहेर टाकता येतो, पण पूल चुकला तर फटका शेवटी सभासदांनाच, म्हणजे करदात्याला आणि शेतकऱ्याला बसतो.

म्हणून अशा पुलांना हल्ली 'एंटरप्राइज रिस्क मॅनेजमेंट' स्वीकारायला सांगतात. आपण त्याला समग्र जोखीम व्यवस्थापन म्हणू. जुन्या पद्धतीत दावे एक विभाग बघतो, गुंतवणूक दुसरा, संगणक तिसरा. प्रत्येक जण आपलं अंगण झाडतो, पण दोन अंगणांच्या मधली जागा कोणाचीच नसते. समग्र पद्धत सगळं एका नजरेखाली आणते. आयएसओ ३१००० हे मानक २००९ मध्ये आलं, २०१८ मध्ये सुधारलं. त्यात जोखमीची व्याख्या थेट उद्दिष्टांशी बांधलेली आहे. म्हणजे तुम्हाला काय साधायचंय हे ठरल्याशिवाय तुमची जोखीम कोणती, हे सांगताच येत नाही. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे घरी आल्यासारखं वाटतं!

एक उदाहरण घेऊ. मलावी या देशाने २०१५-१६ च्या हंगामासाठी एआरसीचा दुष्काळ विमा घेतला. हप्ता सुमारे ४७ लाख डॉलर. पाऊस रुसला, मका गेला आणि एप्रिल २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर केली. ६५ लाखांहून जास्त लोकांना अन्नाची मदत लागणार होती. पण भरपाई ठरवायचं होतं संगणकाच्या प्रारूपाने. उपग्रहाने मोजलेला पाऊस आणि पिकाची पाण्याची गरज यांचा हिशेब करून ते सांगतं, किती माणसं अडचणीत आहेत. त्याचं उत्तर आलं, जेमतेम २१ हजार. म्हणजे भरपाई शून्य!

तपास झाला तेव्हा कारण सापडलं. प्रारूपात जास्त दिवसांचं मक्याचं वाण धरलं होतं, तर शेतकरी कमी दिवसांच्या वाणाकडे वळले होते. पाण्याची ओढ कधी बसली, हे गणितच त्यामुळे चुकलं. दुरुस्तीनंतर नोव्हेंबर २०१६ मध्ये ८१ लाख डॉलर मंजूर झाले. वेगाने मदत मिळावी म्हणून काढलेला विमा, आणि पैसे मात्र वरातीमागून घोडं!

जुन्या हिशेबात एप्रिलमध्ये काहीच बिघडलं नव्हतं. दावा नाही, खर्च नाही, निधी सुरक्षित. पण पूल ज्यासाठी काढला तेच काम झालं नव्हतं. प्रारूपातली माहिती देशाची तांत्रिक मंडळी आणि एआरसी मिळून भरतात. तेव्हा 'यंदा शेतात कोणतं वाण आहे?' हा प्रश्न नेमका दोन अंगणांच्या मधे पडला.

यावरून प्रारूपं टाकून द्या, असं म्हणणं सोपं आहे. पण तसं करू नये. २०१४ चा पाऊस चुकल्यावर जानेवारी २०१५ मध्ये याच पद्धतीने सेनेगल, मॉरिटानिया आणि नायजरला मिळून अडीच कोटी डॉलरहून जास्त रक्कम मिळाली होती. शिवाय मागेल त्याला देत सुटलं, तर निधी दोन हंगामांत आटेल. आपल्याकडचा हवामान आधारित फळपीक विमाही याच दोरीवर चालतो. केंद्रावरचा पाऊस आणि बागेतला पाऊस यांत अंतर पडतंच.

मग समग्र व्यवस्थापन स्वीकारायचं म्हणजे नेमकं काय करायचं? पहिलं, पूल कशासाठी आहे ते संचालक मंडळाने एका वाक्यात लिहावं. दुसरं, त्या वाक्याच्या आड येणारी प्रत्येक गोष्ट नोंदवावी आणि तिची जबाबदारी एका माणसावर, नावानिशी टाकावी. तिसरं, किती तोटा सोसू आणि किती चुकीचे नकार सोसू, दोन्ही आकडे आधीच ठरवावेत. चौथं, दर हंगामापूर्वी प्रारूपातली गृहीतकं शेतात फिरणाऱ्यांना दाखवावीत. आणि पाचवं, प्रारूप एक सांगतंय आणि डोळे दुसरं, असं झालं तर किती दिवसांत, कोणी निर्णय करायचा, हा नियम संकटाआधी लिहून ठेवावा.

एवढं केलं नाही, तर जोखमीची नोंदवही म्हणजे आणखी एक कागदी घोडा. ती दरवर्षी भरली जाईल, तिच्यावर सह्या होतील, आणि मक्याचं वाण बदलल्याचं त्याही वर्षी कोणी विचारणार नाही. विचारण्याचा हक्क आणि विचारण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरवणं म्हणजेच जोखीम सांभाळणं, असं आम्हाला वाटतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.