आजीची गोधडी भिंतीवर? खिळा नको, नेफा लावा!

मैत्रिणींनो, पूर्वी पाहुणे यायचे म्हटलं की गोधडी चटकन आतल्या खोलीत सरकवली जायची. आता तीच गोधडी कितीतरी घरांत दिवाणखान्याच्या भिंतीवर दिसू लागली आहे. यात वावगं काहीच नाही. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ साली तिकडच्या बायकांच्या हातच्या जुन्या गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर लावून प्रदर्शन भरवलं होतं. मग आपल्या आजीच्या धावदोऱ्याने काय कुणाचं घोडं मारलंय?

प्रश्न आहे तो टांगायचा कशी, याचा. घाईघाईत आपण काय करतो? वरच्या काठाला चार खिळे ठोकतो, नाहीतर पडद्याचे चिमटे लावतो. पहिले काही दिवस छान दिसतं. मग दोन खिळ्यांच्या मधला भाग झोळीसारखा लोंबू लागतो, खिळ्याभोवतीचं भोक मोठं होतं आणि पावसाळ्यात त्याला गंजाचा तांबूस डाग पडतो. गंजाचा डाग जुन्या सुती कापडावरून निघता निघत नाही.

जरा हिशेब करून पाहा. गोधडी तीन किलोची आहे असं समजा. चार खिळ्यांवर टांगली तर एकेका खिळ्याजवळच्या चार धाग्यांवर पाऊण किलोचा भार येतो. तेच वजन ५७ इंच लांबीच्या शिवणीवर पसरलं, तर एका इंचावर जेमतेम पन्नास-पंचावन्न ग्रॅम येतात. जुन्या लुगड्याचं कापड तेवढं सहज पेलतं.

हे वजन पसरवण्याचं साधन आपल्या रोजच्या वापरातलंच आहे. परकराला नाडीसाठी नेफा असतो ना, तसाच कापडाचा रुंद नेफा गोधडीच्या मागे, वरच्या काठाशी शिवायचा. त्यात नाडीऐवजी दांडी घालायची, बस्स!

आधी गोधडीची परीक्षा

कोपऱ्याजवळचं कापड दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकेच ताणा. ते टिकलं तर पुढे जा. धागे तुटू लागले किंवा कापडाचा भुगा हाताला लागला, तर ती गोधडी टांगायचा मोह आवरा. धुतलेल्या मऊ कापडासकट ती सैलसर गुंडाळून कपाटात आडवी ठेवा. टांगायची गोधडी आधी सावलीत झटकून घ्या. धुवायची असेल तर पांढरं ओलं फडकं लाल, निळ्या तुकड्यांवर दाबून पाहा. फडक्याला रंग लागला तर धुवू नका.

साहित्य

नेफ्यासाठी मांजरपाट उत्तम. मात्र तो आधी दोन-तीनदा धुवून घ्या. एक तर खळ निघून जाते (खळीला कसर लागते, हे लक्षात असू द्या) आणि दुसरं म्हणजे कापड आटायचं ते आधीच आटतं. याशिवाय सुती दोरा, बारीक सुई, टाचण्या आणि टेप.

कृती

गोधडी ६० इंच रुंद आहे असं धरू. मांजरपाटाची ५९ इंच लांब, ९ इंच रुंद पट्टी कापा. दोन्ही टोकं अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडून मशीनवर टीप मारा. पट्टी ५७ इंचांची होईल, म्हणजे गोधडीच्या दोन्ही कडांशी दीड-दीड इंच जागा मोकळी राहील. आता पट्टी लांबीत दुमडून अर्ध्या इंचावर टीप मारा. चार इंच रुंदीची नळी तयार झाली. ही टीप मागच्या बाजूला मधोमध घेऊन इस्त्री करा. टिपेची बाजू गोधडीकडे ठेवायची, म्हणजे बाहेरून नेफा साफ दिसतो.

गोधडी सतरंजीवर पालथी पसरा. वरच्या काठापासून एक इंच खाली नेफ्याची वरची घडी टाचून घ्या.

आता एक खुबी, बरं का! दांडीला जाडी असते. नेफा अगदी सपाट शिवला, तर दांडी गोधडीला आतून पुढे ढकलते आणि समोरून आडवा फुगवटा दिसतो. म्हणून नेफ्याच्या आतल्या बाजूला, खालच्या घडीपासून पाव इंच वर पेन्सिलीने रेघ ओढा आणि खालचे टाके घडीवर न घालता त्या रेघेवर घाला. त्यामुळे आतली बाजू सपाट बसते, बाहेरची थोडी सैल राहते आणि दांडीची जाडी मागच्या मागे सामावते.

टाके हातानेच घाला. मशीनची टीप पुढून दिसेल आणि आजीच्या टाक्यांची सगळी मजा जाईल. तुरपाईचे बारीक टाके पाव-पाव इंचावर घ्या. सुई गोधडीचं मागचं कापड आणि मधला एखादा थर, एवढंच उचलू दे. नुसतं मागचं कापड उचललं तर सगळा भार त्याच्यावर येतो आणि कालांतराने ते सुटतं. सुई समोर मात्र निघता कामा नये. डावा हात गोधडीखाली ठेवा, टोक बोटाला लागलं की समजतं. नेफ्याच्या दोन्ही तोंडांशी फक्त आतली कड गोधडीला शिवा. नाहीतर दांडी घालताना ती नेफ्यात न जाता मागे सरकते.

गोधडी याहून रुंद किंवा चांगली जड असेल, तर एका सलग नेफ्याऐवजी दोन तुकडे करा आणि मध्ये दोन बोटं जागा सोडा. तिथे दांडीला तिसऱ्या हुकाचा आधार देता येतो.

दांडी आणि भिंत

दांडी ५९ इंचांची घ्या. दोन्हीकडे एकेक इंच नेफ्याबाहेर येईल, हुकावर बसेल आणि तरीही गोधडीमागे लपेल. पडद्याची अ‍ॅल्युमिनियमची नळी सोयीची. लाकडी पट्टी घ्यायची तर पॉलिश पेपरने घासून, रंग देऊन, पूर्ण वाळवूनच वापरा, कारण कच्च्या लाकडाने कापड पिवळं पडतं. लोखंडी सळई नकोच.

भिंत अशी निवडा की जिच्यावर थेट ऊन येत नाही आणि जी पावसाळ्यात ओल धरत नाही. हूक जरा पुढे आलेले घ्या, म्हणजे भिंत आणि गोधडी यांत बोटभर हवा खेळती राहील. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी तर जूनच्या आरंभीच गोधडी उतरवून ठेवावी. दांडी ओढली की काम झालं!

आता सासूबाई म्हणतील, ‘अगं, अंगावर घ्यायची वस्तू भिंतीवर कशाला टांगतेस?’ त्यांचं म्हणणं खोटं नाही. घरात चार गोधड्या असतील तर तीन खुशाल पांघरा. पण शिवणारा हात थकला असेल आणि एकच धड गोधडी उरली असेल, तर ती वाटून वापरण्यापेक्षा जपणं बरं. त्यातून नेफ्याचं एक आहे, उद्या मन बदललं तर टाके उसवा, गोधडी पुन्हा पांघरायला तयार. खिळ्याचं भोक मात्र पुन्हा बुजत नाही.

आणि सासूबाई बोलत्या झाल्याच आहेत, तर तेव्हाच त्यांना जवळ बसवून घ्या. हे हिरवं इरकल कुणाचं, हा लाल तुकडा कुणाच्या शालूचा, कुठल्या बाळंतपणासाठी ही शिवली, सारं विचारा. हे सांगणारी माणसं घरात आहेत तोवरच ते कळणार. मग मांजरपाटाच्या उरलेल्या तुकड्यावर शिवणारीचं नाव, गाव, साल आणि लुगडी कुणाकुणाची ते उलट्या टिपेने काढा आणि तो तुकडा नेफ्याखाली शिवून टाका. उद्या नातीने गोधडी उतरवली, तर मागे वळवताच तिला सगळं वाचता येईल.