आक्रमक परकीय प्रजातींविषयीचे राष्ट्रीय धोरण आणि कुणकेश्वरचा किनारा

प्रस्तावना :
एखादी वनस्पती वा प्राणी मानवी हस्तक्षेपामुळे आपल्या मूळ प्रदेशाबाहेर पोहोचतो तेव्हा त्यास परकीय प्रजाती म्हणतात. तेथे पसरून ती स्थानिक जीवसृष्टीस बाधा आणू लागली की आक्रमक ठरते. हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. काजू पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आला. परंतु कोकणात त्यास कोणी आक्रमक म्हणणार नाही. रानमोडीची गोष्ट निराळी. उष्ण कटिबंधीय अमेरिकेतून आलेले हे झुडूप आज कोकणातील पडीक रानात व बागांच्या कडेला माजलेले दिसते. त्याचे हलके बी वाऱ्यावर दूर जाते आणि तोडलेल्या बुंध्यास पुन्हा फुटवे येतात. प्रस्तुत लेखात या विषयावरील राष्ट्रीय धोरण कसे घडले आणि देवगड तालुक्यातील कुणकेश्वरसारख्या किनारी गावास ते कोठे अपुरे पडते, याचा विचार केला आहे.

धोरणाची जडणघडण :
आपल्याकडील सर्वांत जुना आधार म्हणजे 1914 चा विनाशकारी कीटक व कीड अधिनियम. त्याअन्वये 2003 साली वनस्पती विलग्नवासाचा आदेश निघाला व त्यानुसार आयात रोपे-बियाण्यांची बंदरांवर आणि विमानतळांवर तपासणी होते. या व्यवस्थेचा रोख पिकांच्या रक्षणावर होता. जंगल, खाडी व वाळूचा किनारा तिच्या कक्षेत जवळजवळ नव्हते. वन्यजीव (संरक्षण) सुधारणा अधिनियम, 2022 ने ही उणीव काही अंशी भरून काढली. 1 एप्रिल 2023 पासून अमलात आलेल्या या कायद्याने आक्रमक परकीय प्रजातीची व्याख्या केली आणि अशा प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणे व प्रसार यांचे नियमन करण्याचा अधिकार केंद्र शासनास दिला. डिसेंबर 2022 मधील कुनमिंग-माँट्रियल आराखड्यानुसार अशा प्रजातींचा शिरकाव व स्थिरावणे 2030 पर्यंत किमान 50 टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्टही जगापुढे आहे.

मात्र या व्याख्येत ‘भारतातील मूळची नसलेली’ ही अट आहे, आणि खरी अडचण येथेच उद्भवते.

सुरूचा प्रश्न :
सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर वारा व वाळू अडविण्यासाठी सुरूची लागवड झाली. हा वृक्ष पश्चिम किनाऱ्यावर मूळचा नाही. एकोणिसाव्या शतकात कारवारकडे तो जळणासाठी लावला गेला. परंतु अंदमान बेटांवर तो नैसर्गिकरीत्या आढळतो. म्हणजे कायद्याच्या भाषेत सुरू ‘भारतीय’ आणि कुणकेश्वरच्या पुळणीवर मात्र उपरा! त्याच्या सुयांचा थर साचला की मर्यादवेलीसारख्या वाळू धरून ठेवणाऱ्या वेलीस वाव उरत नाही. कुणकेश्वरच्या दक्षिणेस तांबळडेगच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. कासवाचे पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. दाट सावली व मुळांचे जाळे भरतीरेषेपर्यंत आले तर घरट्यांस ते बाधक होय. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात याच वृक्षाची गणना आक्रमकांत होते.

तथापि सुरू सरसकट तोडावा, असे म्हणणे अविचाराचे ठरेल. त्याच्या आडोशाने किनाऱ्यालगतच्या घरा-बागांना खाऱ्या वाऱ्यापासून संरक्षण मिळते. नवी लागवड भरतीरेषेपासून मागे ठेवणे आणि जुनी झाडे जातील तेथे उंडी, भेंड, केवडा लावणे, हा मार्ग प्रस्तुत लेखकास अधिक व्यवहार्य वाटतो.

देशांतर्गत वाहतूक :
देशात शिरल्यावर प्रजाती राज्याच्या सीमा सहज ओलांडते. नारळावरील रुगोज चक्राकार पांढरी माशी 2016 साली तमिळनाडूतील पोल्लाची येथे प्रथम आढळली व पुढे कोकणातही पोहोचली. रोपांची आंतरराज्य वाहतूक रोखण्याचा अधिकार 1914 च्या कायद्यातच आहे. परंतु तो मोजक्याच किडींपुरता वापरला गेला. या माशीचे नियंत्रण बहुतांशी एन्कार्शिया या परोपजीवी कीटकाने केले, हे आपले सुदैव!

स्थानिक साधन :
जैविक विविधता अधिनियम, 2002 च्या कलम 41 नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापावयाची असून तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. या नोंदवहीत औषधी वनस्पतींची यादी उत्साहाने केली जाते, परक्या प्रजातींकडे मात्र दुर्लक्ष होते. रानमोडी कोणत्या सड्यावर कधी दिसली, सुरू कोणत्या साली लागला, नारळाची रोपे कोठून आणली, हे गावातील वडीलधारी माणसे व बागायतदारच सांगू शकतात. केंद्राच्या यादीत सुरू येणार नसेल, तर निदान ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत त्याचे पान असावयास हवे. आणि वन विभागाने किनाऱ्यावर पुढील लागवड करण्यापूर्वी ते पान पाहावे.