आधी खांब, मग काच

दिग्रससारख्या गावात आज कुणी कृष्णधवल छपाईसाठी एन्लार्जर घ्यायचे मनावर घेतले, की चर्चा सुरू होते ती लेन्सपासून. श्नायडरची कॉम्पोनॉन घ्यावी, रोडेनस्टॉकची रोडागॉन की निकॉनची एल-निक्कोर? प्रश्न वाजवी आहे, पण तो शेवटी विचारायचा आहे. आधी पाहायची ती एन्लार्जरमध्ये जाणारी निगेटिव्ह, मग त्याचा खांब, आणि मग तो ज्या खोलीत उभा राहणार तिथली वीज आणि हवा. लेन्स नंतर कधीही बदलता येते. यंत्राचे डोकेच लहान असेल किंवा खांब डगमगत असेल, तर मात्र यंत्रच बदलावे लागते.

निगेटिव्हचा विचार आधी करायचा, कारण छापण्याजोगे जे सगळ्यात मोलाचे आहे ते जुने आहे. लग्नाची, शाळेच्या गॅदरिंगची, नव्या बैलजोडीसमोर उभ्या राहिलेल्या कुटुंबाची चित्रे एके काळी आग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यावर निघाली. त्यात 120ची फिल्म लागे आणि एका रोलवर 6 बाय 6 सेंटिमीटरची बारा चित्रे येत. स्टुडिओतल्या याशिका-मॅटची चौकटही तेवढीच. फक्त 35 मिलिमीटरसाठी बनलेला एन्लार्जर स्वस्त मिळतो आणि जागाही कमी घेतो, पण या निगेटिव्ह त्यात बसतच नाहीत. म्हणून मेओप्टाचा ओपेमस 6 किंवा डर्स्टचा एम 605 अशा, 6 बाय 6 घेणाऱ्या जुन्या यंत्राकडे वळावे. त्याला 35 मिलिमीटरसाठी 50 मिलिमीटरची आणि मोठ्या निगेटिव्हसाठी 75 किंवा 80 मिलिमीटरची अशा दोन लेन्स लागतात. एकाच 50च्या लेन्सवर भागवू गेले तर प्रिंटवर मोठ्या निगेटिव्हचे कोपरे फिके पडतात. प्रकाश कसा पडतो हेही याच वेळी ठरवावे. कंडेन्सरमधून येणारा प्रकाश सरळ रेषेत पडतो, त्यामुळे चित्र अधिक कडक आणि खणखणीत दिसते. पण तोच प्रकाश ओरखडा न् ओरखडा दाखवतो, आणि स्टुडिओवाल्याने चेहऱ्यावर पेन्सिलीने केलेले रिटचिंगही उघडे पाडतो. डिफ्यूझरचा पसरलेला प्रकाश जुन्या निगेटिव्हला सांभाळून घेतो. त्याने उतरलेला कडकपणा एक ग्रेड वरचा कागद वापरून भरून काढता येतो. कागदावर उमटलेला ओरखडा मात्र ब्रशने एकेक करून झाकावा लागतो.

आता खांब. 35 मिलिमीटरची निगेटिव्ह 8 बाय 10 इंच कागद भरेल इतकी मोठी करायची तर ती सुमारे साडेआठ पट वाढते, आणि 50 मिलिमीटरची लेन्स कागदापासून साधारण साडेसत्तेचाळीस सेंटिमीटर वर जाते. 12 बाय 15 इंचासाठी हेच अंतर साडेअडुसष्टवर पोचते. प्रकाश तेवढ्याच ॲपर्चरवर निम्म्याहून कमी उरतो, म्हणजे दहा सेकंदांचे एक्स्पोजर वीस-एकवीसचे होते. तेवढा वेळ डोके हलता कामा नये. रस्त्यावरून ट्रक गेला किंवा शेजारच्या खोलीत कुणी दार आपटले, तर त्याचा धक्का खांबाच्या टोकाला सगळ्यात जास्त पोचतो. म्हणून खांबाचे वरचे टोक पट्टीने भिंतीला बांधावे, आणि टेबल लाकडी तिपाईसारखे हलके नसावे. भिंतीत बसवलेला कडाप्पा उत्तम.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे निगेटिव्ह, लेन्स आणि कागद ही तीन पातळ्या एकमेकींना समांतर असणे. इथे गणित निर्दय आहे. साडेआठ पट वाढवताना निगेटिव्हच्या एका कडेला 0.1 मिलिमीटरचा फरक पडला, तर कागदाजवळ त्या कडेची तीक्ष्ण प्रतिमा सुमारे सात मिलिमीटर वर किंवा खाली सरकते, कारण खोलीतला फरक पटीच्या वर्गाने वाढतो. बेसबोर्डचा थोडा कल खपतो, निगेटिव्ह धरणाऱ्या कॅरियरचा खपत नाही. तपासायला गवंड्याची छोटी पाणसळ पुरते: बेसबोर्डवर, कॅरियरच्या जागी आणि लेन्सच्या पट्टीवर, दोन्ही दिशांनी. ती जमली की काळ्या पडलेल्या फिल्मवर सुईने मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत फुल्या ओढाव्यात. लेन्स पूर्ण उघडून मधली फुली फोकस करावी आणि कोपरे फोकस-फाइंडरमधून पाहावेत. एकच कडा अंधूक असेल तर कल आहे. चारही कोपरे सारखेच अंधूक असतील तर लेन्स किंवा वाकलेली फिल्म तपासायची.

यावर अनुभवी लोकांचा आक्षेप असा, की एफ 8 किंवा 11 वर छापले की हा सगळा दोष झाकला जातो. काही अंशी ते खरे आहे. एफ 8 वर आठ बाय दहाला सात मिलिमीटरची चूक जेमतेम सहन होते. पण बल्बच्या उष्णतेने निगेटिव्ह मधेच फुगते, आणि मोठी निगेटिव्ह काचेविना मुळातच लोंबते, त्यामुळे चूक तेवढ्यावर थांबत नाही. ॲपर्चर 16पर्यंत लहान केले तर विवर्तनाने सगळेच चित्र किंचित मऊ पडते. आणि इथे लेन्सचा वादही मिटतो: सरळ उभ्या एन्लार्जरवर चार काचांची साधी लेन्स एफ 8 वर जे देते, ते कललेल्या एन्लार्जरवर सहा काचांची महागडी लेन्सही देऊ शकत नाही.

विजेचे भान यंत्राच्या पुस्तिकेत फारसे नसते, पण यवतमाळ जिल्ह्यात ते ठेवावेच लागते. फिलामेंटच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण साडेतीनव्या घाताने बदलतो. 230 व्होल्टचे 207 झाले, म्हणजे दहा टक्के घट झाली, की प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. शिवाय तो पिवळट होतो आणि मल्टिग्रेड कागदाचा कडकपणाही हलतो. टेस्ट स्ट्रिप एका व्होल्टेजवर आणि मुख्य प्रिंट दुसऱ्यावर, असे झाले की दोष हाताला नाही, वीजपुरवठ्याला असतो. म्हणून लेन्सवर खर्चायच्या पैशातून आधी चांगला स्टॅबिलायझर घ्यावा. उन्हाळ्यात पारा 45च्या आसपास जातो तेव्हा 20 अंशांचे डेव्हलपर टिकवणे बर्फाच्या ट्रेशिवाय कठीण; थंडीच्या रात्री सोप्या. पण थंडी म्हणजे कापसाचा हंगाम, आणि हवेत तरंगणारा तंतू निगेटिव्हवर बसला की प्रिंटवर पांढरा धागा होऊन उमटतो. निगेटिव्ह सपाट धरणाऱ्या काचेच्या कॅरियरला धूळ बसायला चार पृष्ठभाग, म्हणून तो फक्त 6 बाय 6साठी वापरावा.

स्कॅन करून छापणे सोपे असताना हे कशाला, असेही विचारले जाते. निगेटिव्हची नोंद ठेवण्यासाठी स्कॅन करावेच. पण प्रिंट ही चांदीच्या कणांची, स्वतंत्रपणे टिकणारी वस्तू आहे, आणि नीट धुतलेला ब्रोमाइड प्रिंट कोणत्याही फाइलवर अवलंबून नसतो. अडचण कागदाची आहे. 1960 मध्ये उटीला स्थापन झालेली आणि ‘इंदू’ नावाने माल काढणारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स बंद पडली. आता इंग्लंडचा इलफर्ड किंवा चेक देशातला फोमा मागवावा लागतो आणि प्रत्येक ताव महागात पडतो. सुईने फुल्या ओढलेल्या त्या फिल्मला एकही ताव लागत नाही. तेव्हा कागदाचे पाकीट फोडण्यापूर्वी ती कॅरियरमध्ये घालून चारही कोपरे पाहावेत, आणि टेबल जरा जरी सरकले तरी पुन्हा पाहावेत.