माउझर, प्लायवुड आणि नारिंगी टोक

१८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या ससून डॉकवर उतरताना एका तरुण इंग्रज अधिकाऱ्याचा उजवा खांदा निखळला. होडी धक्क्याला लागली तेव्हा त्याने भिंतीतली लोखंडी कडी पकडली. त्याच क्षणी लाटेबरोबर होडी खाली गेली आणि हाताला जबर हिसका बसला. अधिकाऱ्याचे नाव विन्स्टन चर्चिल. तरुणपणी एकदा निखळलेला खांदा पुन्हा पुन्हा निखळू पाहतो, हे आपल्या मंडळातील सभासदांना सांगावयास नको. चर्चिल यांना हे दुखणे जन्मभर पुरले. २ सप्टेंबर १८९८ रोजी सुदानमधील ओमदुरमानच्या लढाईत घोडदळाने धडक मारली, तेव्हा खांद्याचा भरवसा नसल्याने त्यांनी तलवारीऐवजी माउझर पिस्तूल हाती धरले. हा वृत्तान्त त्यांनीच ‘माय अर्ली लाइफ’ या आत्मचरित्रात दिला आहे.

तेच माउझर सी-९६ पुढे अंतराळात गेले. १९७७ साली प्रदर्शित झालेल्या ‘स्टार वॉर्स’मध्ये हान सोलो या उडाणटप्पू वैमानिकाच्या कमरेला जे ‘ब्लास्टर’ लटकते, ते मुळात हेच जर्मन पिस्तूल. चित्रपटाची सजावट पाहणारे रॉजर ख्रिश्चन यांच्यापाशी पैसा बेताचाच होता. काल्पनिक शस्त्रे नव्याने घडवण्याऐवजी त्यांनी लंडनच्या ‘बॅप्टी’ या शस्त्रे भाड्याने देणाऱ्या पेढीतून खऱ्या बंदुका आणल्या आणि त्यांवर मिळेल ते सामान चढवले. माउझरवर एक जर्मन दुर्बीण बसली आणि नळीच्या तोंडाशी दुसऱ्या महायुद्धातील विमानांवरच्या मशिनगनचे शंकूच्या आकाराचे ज्वालारोधक लागले. पांढऱ्या चिलखतातील सैनिकांच्या हाती त्यांनी स्टर्लिंग कार्बाइन दिली. ती तर आपल्या ओळखीचीच; परवान्याने कानपूरला तयार झालेली ही कार्बाइन आपण पोलिसांच्या खांद्यावर कित्येक वर्षे पाहिली आहे. या कलाविभागाला पुढे ऑस्कर मिळाले. भाड्याची शस्त्रे मात्र सुटी होऊन पेढीत परत गेली. त्यांतील हान सोलोचे एक पिस्तूल २०२२ साली अमेरिकेतील लिलावात दहा लाख सत्तावन्न हजार पाचशे डॉलरना गेले!

माझ्या बारा वर्षांच्या नातवाला २०२३ च्या हॅलोवीनसाठी हान सोलो व्हायचे होते. लेक-जावई अमेरिकेत ओहायो राज्यात कोलंबसला राहतात. निवृत्तीनंतर मी त्यांच्याकडे गेलो होतो आणि हात रिकामे होते. पांढरा सदरा, काळे जाकीट आणि बूट घरातच निघाले. अडले ते पिस्तुलापाशी. बाजारात प्लॅस्टिकची मिळतात, पण ती नातवाच्या पसंतीस उतरेनात. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ज्या शहरात कलाभवन काढले, त्या बडोद्यात माझे बालपण गेले. करवत हातात घेण्यासाठी मला एवढे निमित्त पुरेसे होते.

पहिला प्रश्न मापाचा. छायाचित्रावरून खरे माप काढणे म्हणजे आमच्या अस्थिशल्यशास्त्रातील नेहमीचे गणित. सांधा बदलण्यापूर्वी क्ष-किरण चित्रात ठाऊक व्यासाची गोळी ठेवतात आणि तिच्या प्रतिमेवरून चित्र कितीने मोठे आले ते ठरवतात. मूळ माउझरची लांबी सुमारे ३१ सेंटिमीटर. पिस्तुलाचे बाजूने घेतलेले चित्र त्या मापाला आणून छापले आणि दुर्बीण व ज्वालारोधक यांची मापे त्यावरून काढली. चित्र दुरून घेतलेले असावे. जवळून घेतले की पुढचे भाग फुगलेले दिसतात.

सांगाडा प्लायवुडच्या थरांचा केला. प्रत्येक थर वेगळा कापून चिकटवला की आतली पोकळी कोरत बसावे लागत नाही. नळीला ॲल्युमिनियमची नलिका घेतली, दुर्बिणीला पीव्हीसी पाइप. दुर्बिणीच्या मागच्या रुंद तोंडासाठी माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी बाटली बेतशीर बसली. तिकडे औषधे पारदर्शक नारिंगी बाटल्यांत देतात. काळा रंग चढल्यावर ती ओळखू आली नाही. घोड्यामागे बॉलपेनची स्प्रिंग घातली, त्यामुळे तो दाबला की ‘टक्’ असा आवाज येऊ लागला.

दुर्बीण धरणारी पट्टी वाकवताना मला शस्त्रक्रियागृहाची आठवण झाली. हाडावर प्लेट बसवताना ती छिद्रापाशी वाकवू नये आणि एकदा वाकवली की पुन्हा उलटी वाकवू नये, कारण धातू थकतो. हाच नियम त्या चार इंची पट्टीलाही लागू पडला. साडेचार मिलिमीटरच्या स्क्रूला ३.२ मिलिमीटरचे भोक पाडायचे, हे हाताला न सांगता आठवत होते. गंमत अशी की, मूळ माउझरचे भाग कोड्याच्या तुकड्यांसारखे एकमेकांत अडकतात. मुठीच्या लाकडांपुरता एकच स्क्रू असतो. ज्याचे आयुष्य स्क्रू पिळण्यात गेले, त्याने यापुढे हात जोडावे!

सर्वांत अधिक वेळ मुठीने घेतला. अक्रोडाचे दोन तुकडे कानशीने गोलाई देत आणले, आडव्या खाचा पाडल्या आणि तीन प्रकारच्या पॉलिश कागदांनी घासले. रंगाची युक्ती सोपी असली तरी तिच्यावाचून सारे काम खेळणे वाटते. आधी चंदेरी थर द्यायचा, तो वाळला की वर काळा. मग जिथे हात लागतो, जिथे चामड्याच्या म्यानाची कड घासते, तेवढ्याच कडांवरचा काळा रंग हलकेच उतरवायचा. शेवटी पेन्सिलीतल्या शिशाची पूड बोटाने चोळली की लाकूड पोलादासारखे दिसू लागते.

काम जसजसे साधत गेले तसतशी लेक गप्प होत गेली. त्याच राज्यातील क्लीव्हलँड शहरात २२ नोव्हेंबर २०१४ रोजी टामिर राइस नावाचा मुलगा बागेत खेळण्यातले पिस्तूल घेऊन होता. त्याच्या टोकावरची नारिंगी खूण निघालेली होती. पोलिसांची गाडी आली आणि दोन सेकंदांच्या आत त्याला गोळी घातली गेली. दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. वय बारा. अमेरिकेत १९८८ च्या कायद्यान्वये खेळण्यातल्या बंदुकीच्या तोंडाला भडक नारिंगी खूण आवश्यक ठरली आहे. चित्रपट-नाटकांना तेवढी सूट आहे. आमचा ओटा म्हणजे काही नाटकाचा रंगमंच नव्हे.

“हान सोलोच्या ब्लास्टरला नारिंगी टोक नसते, आजोबा,” नातू म्हणाला. त्याचे म्हणणे खरे होते. लेकीने त्याला शेजारी बसवून टामिरची हकीकत सांगितली. मी मध्ये बोललो नाही. त्याने बराच वेळ पिस्तूल हातात फिरवले आणि मग विचारले, “फक्त पुढचे टोक ना?”

ज्वालारोधक पूर्ण नारिंगी रंगवले. स्क्रूने बसवले असते तर कधीतरी काढता आले असते. म्हणून एपॉक्सीने कायमचे चिकटवले. रस्त्यावर पिस्तूल म्यानातून काढायचे नाही, हेही ठरले.

मध्य ओहायोत त्या संध्याकाळला ‘बेगर्स नाइट’ म्हणतात. आपल्याकडच्या माधुकरीचाच थाट, भात-भाजीच्या जागी चॉकलेटे. भुते, चेटकिणी आणि राजकन्या यांची रांग घरोघर फिरत होती. म्यान खालून उघडे असल्याने नारिंगी टोक बाहेर डोकावत होते. अंधार पडल्यावर त्या घोळक्यात मी नातवाला त्यावरूनच ओळखत होतो.

पिशवी भरून घरी परतताच त्याने पुढच्या वर्षासाठी शिरस्त्राणाची मागणी नोंदवली. त्याला प्लास्टरच्या पट्ट्या लागतील. त्या कामात मला कोणाचा सल्ला घ्यावा लागणार नाही.