चरबी जळते, पण वेग मंदावतो!

वजन उतरवण्यासाठी लोकप्रिय झालेला 'कीटो' आहार आता मैदानापर्यंत पोहोचला आहे. भात-पोळी सोडून अंडी, चीज, लोणी आणि बदामावर मॅरेथॉनची तयारी करणारे हौशी धावपटूही दिसू लागले आहेत. शरीरात मेदाचा अमाप साठा असताना कर्बोदकांवर विसंबायचे कशाला, हा त्यामागचा युक्तिवाद. तो वरवर बिनतोड वाटतो. प्रयोगांचे निष्कर्ष मात्र निराळे आहेत.

मुळात हा आहार खेळाडूंसाठी नव्हताच. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये तो अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला. दिवसभरातील कर्बोदके साधारण ५० ग्रॅमच्या आत आणली, की यकृत मेदापासून 'कीटोन' तयार करते आणि शरीर ते इंधन म्हणून वापरते.

इंधन भरपूर, तरीही...

स्नायू आणि यकृत यांत ग्लायकोजेनच्या रूपाने साठणारी कर्बोदके जेमतेम ५०० ग्रॅम, म्हणजे सुमारे दोन हजार कॅलरी. याउलट ६० किलो वजनाच्या सडपातळ धावपटूच्या अंगातही सहा किलो मेद, म्हणजे ५० हजारांहून अधिक कॅलरी असू शकतात. स्टीफन फिनी यांनी १९८३ मध्ये पाच सायकलपटूंना चार आठवडे असा आहार दिला. मध्यम वेगाने सायकल चालवताना त्यांचा दम सरासरीने कमी झाला नाही. कीटोच्या समर्थकांची भिस्त आजही या प्रयोगावर आहे.

पण शर्यत मध्यम वेगाने जिंकता येत नाही. ऑस्ट्रेलियातील लुईझ बर्क आणि सहकाऱ्यांनी चालण्याच्या शर्यतीतील जागतिक दर्जाच्या खेळाडूंवर तीन आठवडे प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. भरपूर कर्बोदके घेणाऱ्यांची १० किलोमीटरची वेळ सुमारे साडेसहा टक्क्यांनी सुधारली. कीटो गटाने तितकाच सराव करूनही त्यांच्या वेळेत सुधारणा झाली नाही. त्यांच्या शरीरात मेद विक्रमी प्रमाणात जळत होता, हे विशेष! २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगातही हेच चित्र दिसले.

याचे कारण प्राणवायूत आहे. एक लिटर प्राणवायू वापरून कर्बोदकांपासून सुमारे ५ कॅलरी मिळतात, मेदापासून ४.७. फरक किरकोळ वाटतो. पण छाती भरून आलेली असताना, प्राणवायूचा प्रत्येक थेंब मोलाचा असताना, तोच निर्णायक ठरतो. शिवाय मेदाला सरावलेल्या स्नायूंची कर्बोदके झपाट्याने वापरण्याची क्षमता मंदावते. त्यामुळे चढावर किंवा अखेरच्या मुसंडीच्या वेळी पाय साथ देत नाहीत.

हाडांकडेही लक्ष हवे

साडेतीन आठवड्यांच्या कीटो आहारानंतर खेळाडूंच्या रक्तात हाडांची झीज दर्शवणारे घटक वाढल्याचेही २०२० मध्ये आढळले. दीर्घकालीन परिणामांबाबत अधिक संशोधन व्हायला हवे; पण वाढत्या वयातील खेळाडूंच्या पालकांनी हा इशारा ध्यानात ठेवावा. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

वजन घटवणे हे एकमेव उद्दिष्ट असेल किंवा संथ गतीने तासन्‌तास चालायचे असेल, तर कीटोचा तोटा कदाचित जाणवणार नाही. घड्याळाशी स्पर्धा असेल, तर मात्र ताटातील भात-पोळीला शत्रू मानण्याचे कारण नाही.