मूल आजारी, आई-वडील खचलेले

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे रक्ताचा कर्करोग आणि त्यातही ‘अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया’. वेळेवर आणि पूर्ण उपचार मिळाले तर यातील बहुतांश मुले बरी होतात. मात्र हे उपचार २ ते ३ वर्षे चालतात. एवढा काळ आई-वडीलही आजारपणच काढत असतात. पण त्यांच्या नावाचा केसपेपर निघत नाही.

निदान कळते त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलेले बरेचसे पालकांच्या लक्षात राहत नाही. हा निष्काळजीपणा नव्हे, धक्क्याचा परिणाम आहे. अशा वेळी सोबत जवळचे कुणी असावे, मुद्दे वहीत लिहून घ्यावेत आणि तोच प्रश्न पुन्हा विचारताना संकोच करू नये.

मग सुरू होते स्वतःला दोष देणे. ‘खाण्यापिण्यात काही चुकले का’, ‘आधीच आणायला हवे होते का’ हे प्रश्न पाठ सोडत नाहीत. त्यात घरातली मंडळी आईलाच बोल लावतात. प्रत्यक्षात बहुतेक मुलांमध्ये या आजाराचे ठरावीक कारण सापडत नाही. तो कुणाच्या नजरेने होत नाही, आईच्या चुकीने होत नाही आणि संसर्गजन्यही नाही.

केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी घटतात. त्या काळात ताप आला तर मध्यरात्रीही रुग्णालय गाठावे लागते. म्हणून आई रात्रीतून चार वेळा उठून मुलाच्या कपाळाला हात लावते. वडील रजा, कर्ज आणि औषधांचा हिशेब मांडत गप्प होतात. गावाहून मुंबईत उपचारांसाठी आलेली कुटुंबे दादरच्या धर्मशाळेत दिवस काढतात, तेव्हा धाकटे भावंड आजीकडे राहून ‘मला का नेले नाही’ म्हणून रुसलेले असते.

पालकांच्या मनःस्थितीचा परिणाम मुलावर होतो. सुई टोचण्याआधी मूल आईच्या चेहऱ्याकडे पाहते. याचा अर्थ सतत हसरा मुखवटा घालावा असा नाही. ‘मलाही वाईट वाटतेय, पण मी तुझ्याजवळच आहे,’ एवढे खरे बोलणे मुलाला पुरते.

सलग २ आठवडे उदास वाटणे, झोप किंवा भूक उडणे, कशातच मन न लागणे ही मदत घेण्याची वेळ आहे. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. मुलाच्या डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर २४ तास मराठीतूनही बोलता येते.

नातेवाइकांनीही ‘धीर धरा’ म्हणून निघून जाण्याऐवजी एक रात्र मुलाजवळ थांबावे, डबा पोहोचवावा, धाकट्याला शाळेत सोडावे. आणि उपचार संपले म्हणून येणे-जाणे थांबवू नये. नंतरच्या प्रत्येक रक्ततपासणीच्या आदल्या रात्री त्या घरात कुणालाच झोप लागत नाही.