‘अंगात रक्त नाही’ म्हणजे नेमकं काय नाही?

लालबागच्या मावशीचा रिपोर्ट आला तेव्हा खोलीत माणसं चार होतो आणि निदानं पाच. हिमोग्लोबिन ९.४. बायकांमध्ये ते १२च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणायचा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. ‘अंगात रक्तच नाही हो हिच्या,’ असं म्हणून शेजारच्या काकू दुसऱ्या दिवशी सकाळी बिटाचा रस घेऊन दारात हजर. मावशीला सहा वर्षं आमवात आहे, डॉक्टरांच्या भाषेत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. सकाळी बोटं अशी आखडलेली असतात की दुधाची पिशवी ती दातांनी फोडते. जिना चढताना धाप लागायची, तीही सगळ्यांनी याच दुखण्याच्या खात्यावर मांडून टाकली होती.

बिटाचं आधी उरकून टाकू. शंभर ग्रॅम बिटात लोह जेमतेम एक मिलिग्रॅमच्या आसपास. त्याचा लाल रंग लोहाचा नव्हे आणि रक्ताशीही त्याचं काही नातं नाही. रस आवडत असेल तर खुशाल प्यावा, त्यावर हिमोग्लोबिन सोपवू नये.

खरा मोठा गैरसमज दुसराच आहे: हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमी. तो खोटा कसा, हे मावशीच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर फार पूर्वी दिसून आलं आहे. १९२८मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधून गिरणी कामगार वस्तीतल्या गरोदर बायकांचा रक्तक्षय अभ्यासू लागली. तिच्यासमोर आलेला रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नव्हता. रक्तपेशी लहान व्हायच्या ऐवजी मोठ्या झालेल्या. त्याला उतारा मिळाला तो यीस्टच्या अर्कात, म्हणजे पावाला लावून खातात त्या मार्माइटमध्ये. १९३१मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला. मावशीच्या गोळ्यांच्या डब्यात आज तीच पिवळी गोळी आहे, आणि का आहे ते पुढे येईलच.

आमवातात रक्त कमी व्हायचं आणखी एक कारण असतं. शरीरात दाह पेटलेला असला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त बनवतं. ते आतड्यातून लोह आत येण्याची वाट अडवतं आणि साठ्यातलं लोहही बाहेर पडू देत नाही. जंतूंनाही वाढायला लोह लागतं, म्हणून ही नाकेबंदी. आमवातात बाहेरचा शत्रू नसतोच, पण यकृताला ते कोण सांगणार? गोदाम भरलेलं आणि रेशनच्या दुकानात ठणठणाट, अशी अवस्था. अशा वेळी लोहाच्या गोळ्यांचा मारा करून फारसं काही हाती लागत नाही. सांध्यांचा दाह आटोक्यात आला की हिमोग्लोबिन बऱ्याचदा आपसूक सावरतं. गुडघ्यांच्या वयपरत्वे झिजेत मात्र असं होत नाही. आपण दोन्हींना ‘संधिवात’च म्हणतो, त्यामुळे गोंधळ वाढतो. नुसत्या झिजेने रक्त कमी होत नसतं. तिथे हिमोग्लोबिन घसरलं तर कारण दुसरीकडे शोधायचं.

‘फेरिटिन नॉर्मल आहे, म्हणजे लोह भरपूर.’ मावशीच्या रिपोर्टवर कोणीतरी हेही म्हणालं. फेरिटिन ८५, छापील मर्यादेत अगदी आरामात. पण फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचं माप, दाहातही वाढतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मार्गदर्शनात निरोगी प्रौढाला १५ची सीमा धरली, तर दाह किंवा जंतुसंसर्ग असलेल्याला ७०ची. आमवाताच्या रुग्णात अनेक डॉक्टर शंभरपर्यंतही संशय घेतात. त्यासाठी सोबत दाह दाखवणारं सीआरपी आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन बघावं लागतं. मावशीचं सॅच्युरेशन ९ टक्के निघालं. २०च्या खाली म्हणजे कमीच. तात्पर्य, तिच्या बाबतीत दोन्ही होतं: दाहाचं कुलूपही आणि खरोखरची तूटही.

मग ही तूट आली कुठून? पाळी थांबून आठ वर्षं झालेली, जेवण व्यवस्थित. ‘पेनकिलर काय, सगळेच घेतात’ या वाक्यात उत्तर होतं. डायक्लोफेनॅकची पट्टी नाक्यावरून चिठ्ठीशिवाय यायची, दोन वर्षं, कधी रिकाम्या पोटी. या गटातल्या गोळ्या जठराचं अस्तर दुबळं करतात आणि तिथून रक्त झिरपत राहतं. पोट दुखलंच पाहिजे असं नाही. एंडोस्कोपीत अल्सर निघाला. पाळी थांबलेल्या बाईचं किंवा कुठल्याही पुरुषाचं लोह कमी निघालं, तर गोळ्या सुरू करून गप्प बसायचं नसतं, पोटा-आतड्यात रक्तस्राव आहे का ते तपासायचं असतं. लोहाच्या गोळीनेही शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नये. पण डांबरासारखं चिकट, घाण वासाचं काळं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

मला सगळ्यात चीड येते ती पथ्याची. ‘वाताला आंबट वर्ज्य’ म्हणत आपल्याकडे आमवाताच्या माणसाच्या ताटातून पहिलं काय जातं, तर लिंबू, आवळा, पेरू. लिंबाने सांध्यांचा दाह वाढतो याला पुरावा नाही. उलट पालेभाजी-डाळींतलं लोह अंगी लागायला त्यातलं क जीवनसत्त्वच मदत करतं. हळिवाच्या लाडवाचं कौतुक करायचं आणि वरणावरचं लिंबू काढून घ्यायचं, हा हिशेब मला कधी कळला नाही. त्याच ताटानंतर लगेच कडक चहा आला की त्यातली टॅनिनं लोह बांधून ठेवतात. जेवणानंतर तासभर तरी थांबावं. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळीही एकत्र नको. मांसाहारी घरात कलेजीतलं लोह सहज शोषलं जातं, फक्त ज्यांची सांधेदुखी युरिक अॅसिडची, म्हणजे गाउटची आहे, त्यांनी कलेजीपासून लांब राहावं.

‘दिवसातून दोन गोळ्या, म्हणजे दुप्पट फायदा.’ हेही तसं नाही. लोहाची गोळी घेतली की त्यानेच हेप्सिडिन वर जातं आणि साधारण दिवसभर चढं राहतं. झुरिकच्या संशोधकांनी २०१७मध्ये लोहसाठा कमी असलेल्या तरुण बायकांत दाखवलं की दिवसाआड घेतलेली गोळी रोजच्यापेक्षा चांगली शोषली जाते, म्हणून बरेच डॉक्टर आता दिवसाआड लिहून देतात. दाह जोरात असेल आणि गोळी लागूच पडत नसेल, तर शिरेतून लोह देण्याचा मार्ग असतो. तो निर्णय डॉक्टरांचा. आणि ज्यांच्या रक्तपेशी लहान आहेत पण लोह पुरेसं आहे, त्यांनी थॅलेसेमिया मायनरची चाचणी करून घ्यावी. परळला केईएमच्या आवारात रक्ताच्या विकारांवर काम करणारी राष्ट्रीय संस्थाच आहे. थॅलेसेमिया मायनर असलेल्या माणसाने गरज नसताना वर्षानुवर्षं लोह घेणं निरुपयोगी, प्रसंगी घातकही.

आता ती पिवळी गोळी. मावशी मेथोट्रेक्सेट घेते. हे औषध शरीरातल्या फॉलिक अॅसिडच्या कामात अडथळा आणतं, म्हणून फॉलिक अॅसिड वरून द्यावं लागतं. ‘दोन्ही रोजच्या गोळ्या आहेत’ हा मात्र जीवघेणा गैरसमज. आमवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं. रोज घेतलं गेलं तर तोंड येणं, रक्तपेशी कोसळणं, मृत्यूसुद्धा.

मावशीने यावर स्वतःचा तोडगा काढला आहे. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दर मंगळवारी लाल पेनाने ‘मे’, गुरुवारी ‘फॉ’, आणि एकाआड एक चौकोनात ‘लो’. अल्सरचं औषध पुरं झालंय, डायक्लोफेनॅक बंद, आणि तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.१. दुपारचा चहा साडेतीनला सरकलाय, त्याबद्दल ती अजून कुरकुरते.